जॉन न्यूटन आणि पापाचे दास्य

आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत साक्षीच्या सभा भरतात, तेव्हा पुष्कळ बंधुभगिनी उभ्या राहून, आपण पापाच्या दास्यातून कोणत्या दिवशी मुक्त झालो हे सांगतात. कोणी बाप्तिस्म्याचा दिवस सांगतो, कोणी बाजारच्या दिवशी ऐकलेल्या उपदेशाचा, कोणी दुखण्याच्या अंथरुणावर केलेल्या प्रार्थनेचा. ह्या साक्षी ऐकून आम्हांस संतोष होतो. परंतु सभा आटोपल्यावर काही प्रामाणिक मनांस एक शंका छळते, आणि ती घेऊन ती माणसे उपदेशकाच्या दारी येतात. प्रभूने मला मोकळे केले हे खरे असेल, तर इतक्या वर्षांनी माझ्या घरात जुने पाप ठाण मांडून बसलेले मला का आढळावे? मग ती मुक्तता खोटी होती काय?

अशा मनाचे समाधान नुसत्या वचनांच्या यादीने होत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून एका मनुष्याचे चरित्र आम्ही येथे देतो. हा मनुष्य पापाचा दास होता, काही काळ अक्षरशः मनुष्यांचाही दास होता, आणि पुढे स्वतः मनुष्यांस बेड्या घालून विकणारा झाला. त्याचे नाव जॉन न्यूटन. त्याने रचलेले कृपेविषयीचे गीत आज जगभर गातात. गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांस त्याची हकीकत ठाऊक असते.

न्यूटनचा जन्म १७२५ साली लंडन शहरात थेम्स नदीच्या काठी वॉपिंग नावाच्या खलाशांच्या वस्तीत झाला. बाप जहाजाचा कप्तान, स्वभावाने करडा, व वर्षातील बहुतेक दिवस समुद्रावर. आई एलिझाबेथ मोठी भाविक बाई होती. तिला क्षयाची बाधा होती, तरी त्या अशक्त बाईने एकुलत्या एका मुलास मांडीवर घेऊन चौथ्या वर्षी वाचावयास शिकविले, शास्त्रातले भाग व मुलांची गीते पाठ करून घेतली, आणि हा पुढे प्रभूचा सेवक व्हावा अशी इच्छा मनात धरिली. मुलास सात वर्षे पुरी होण्यापूर्वीच १७३२ साली ती मरण पावली. अकराव्या वर्षी बापाने त्यास आपल्या जहाजावर घेतले. खलाशांच्या संगतीत त्याची जीभ प्रथम बिघडली, मग मन बिघडले.

तरीपण मन त्यास स्वस्थ बसू देईना. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने स्वतःच्या बळावर पवित्र होण्याचा निश्चय केला. तो वारंवार उपास करी. तीन महिने त्याने मांसास स्पर्श केला नाही. तोंडातून व्यर्थ शब्द निघेल ह्या भीतीने तो कोणी विचारले तरी क्वचितच उत्तर देई. दिवसाचा बहुतेक भाग वाचन व प्रार्थना ह्यांत घालवी. हा क्रम दोन वर्षांहून अधिक चालला. ज्यांनी आपल्या पूर्वायुष्यात मौन, उपासतापास व अनवाणी वाऱ्या केल्या आहेत, त्या आमच्या वृद्ध वाचकांस हे वाचून आपलेच दिवस आठवतील. ह्या सर्व खटाटोपाने न्यूटन उदास व घुमा झाला, पण पाप जेथे होते तेथेच राहिले. पुढे एका इंग्रज तत्त्ववेत्त्याचा ग्रंथ त्याच्या हाती पडला, व त्याच्या गोड भाषेत गुंतून त्याने धर्म हळूहळू सोडून दिला. आईचा देव तो विसरला एवढेच नव्हे, तर इतरांनाही विसरावयास लावण्यात त्यास आनंद वाटू लागला.

त्या काळी इंग्रजांच्या आरमारात माणसे कमी पडली म्हणजे धडधाकट तरुणांस रस्त्यावरून वेठीस धरून नेत असत. १७४४ साली न्यूटन असाच धरला जाऊन ‘हार्विच’ नावाच्या लढाऊ जहाजावर गेला. बापाच्या वशिल्याने त्यास तेथे लहानशी अधिकाराची जागा मिळाली. पुढे प्लिमथ बंदरात जहाज उभे असता, कोणी खलाशी पळून जाऊ नये म्हणून नावेबरोबर ह्यालाच राखणीस पाठविले, आणि हा राखणदारच पळाला! शिपायांनी त्यास पकडून चोरासारखे परत आणिले. त्यास बेड्या पडल्या, उघड्या अंगावर फटके बसले, व हुद्दा गेला. थोड्याच दिवसांत त्या जहाजाने त्यास वाटेत भेटलेल्या दुसऱ्या जहाजाच्या स्वाधीन केले. ते जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार करणारे होते. येथे आपणांस कोणी ओळखत नाही, तेव्हा आता हवे तसे वागावयास हरकत नाही, असा विचार करून तो त्या जहाजावर चढला.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आज ज्यास सिएरा लिओन म्हणतात त्या प्रदेशाजवळ, प्लँटेन नावाची लहान बेटे आहेत. तेथे एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे न्यूटन नोकरीस राहिला. त्या व्यापाऱ्याची बायको तेथलीच, मोठ्या घराण्यातली. न्यूटनवर तिची पहिल्यापासून खप्पा मर्जी होती. नवरा व्यापारास बाहेरगावी गेला आणि इकडे न्यूटन तापाने पडला. त्यास निजावयास फळीवर टाकलेली चटई व उशाला लाकडाचा ओंडका मिळाला. गार पाण्याचा घोट मागितला तरी तो मिळावयाची मारामार. बाईचे जेवण झाल्यावर तिच्या ताटातले उरलेसुरले त्यास पाठवीत. एकदा अशक्तपणामुळे ताट त्याच्या हातून पडले, तेव्हा ती हसली व दुसरे देऊ दिले नाही. रात्री तो मळ्यात सरपटत जाऊन कंद उकरून कच्चेच खाई.

ह्या वेळी त्यास कोणी जगविले? त्या व्यापाऱ्याच्या आवारात विक्रीसाठी साखळदंडांत ठेवलेले काळे गुलाम होते. त्यांना स्वतःलाच पोटभर मिळत नव्हते. त्यांनी आपल्या वाट्यातले अन्न चोरून ह्या गोऱ्या मुलास आणून दिले. ही गोष्ट न्यूटनने स्वतःच लिहून ठेविली आहे, आणि ती वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम आहे.

मालक परत आला तरी त्याचे हाल सरले नाहीत. कधी तो जहाजाच्या डेकवर साखळीने बांधलेला पावसात भिजत राही. एका गोष्टीचे आम्हांस फार नवल वाटते. त्याच्याजवळ भूमितीचे एक पुस्तक उरले होते. अशा दुर्दशेत तो ते घेऊन किनाऱ्याच्या टोकास जाई व काठीने वाळूत आकृत्या काढी. बुद्धी जागी होती, आत्मा मात्र निजलेला. पुढे त्यास दुसरा, बरा मालक मिळाला. पोटास अन्न व हाती थोडा अधिकार येताच त्यास ते जीवन आवडू लागले, व घरी परतण्याची इच्छाही नाहीशी झाली. दास्यात मनुष्य रमतो, हे पापाच्या दास्याविषयी आम्ही व्यासपीठावरून नेहमी सांगतो. न्यूटनने ते दोन्ही प्रकारांनी अनुभविले.

१७४७ साली ‘ग्रेहाउंड’ नावाचे जहाज तेथून जात होते. बापाच्या सांगण्यावरून तिचा कप्तान न्यूटनचा शोध करीत होता. तुला इंग्लंडात मोठा वारसा मिळाला आहे, अशी थाप देऊन त्याने ह्यास जहाजावर घेतले. जहाजात गुलाम नव्हते. सोने, हस्तिदंत, मेण व रंगाचे लाकूड असा माल होता. वाटेत न्यूटनच्या तोंडची निंदा ऐकून तो कप्तानदेखील कंटाळला. एके दिवशी वेळ जाईना म्हणून त्याने थॉमस अ केम्पिस ह्या साधूचे ख्रिस्तानुकरणाविषयीचे पुस्तक उघडले. वाचता वाचता मनात आले की, हे सर्व खरे असले तर? त्याने घाईघाईने पुस्तक मिटले आणि इतरांबरोबर गप्पांत जाऊन बसला.

त्याच रात्री वादळ झाले. ही रात्र १७४८ सालच्या मार्च महिन्यातली. इंग्रजांच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे पुढील दिवस ता. १०, व हल्लीच्या पंचांगाप्रमाणे ता. २१ होता. एका प्रचंड लाटेने न्यूटनला झोपेतून उठविले. त्याची खोली पाण्याने भरत होती. तो शिडीवरून वर जाऊ लागला, इतक्यात कप्तानाने त्यास सुरी आणावयास परत धाडिले. त्याच्या जागी दुसरा एक जण वर गेला, आणि तत्काळ लाटेने वाहून गेला. जहाजाच्या एका बाजूची वरची लाकडे उखडली होती. आत पाणी भसाभस येत होते. ते बुडावयाचेच, पण आतले मेण व लाकूड पाण्याहून हलके असल्यामुळे तगले. खलाशांनी अंगावरचे कपडे व अंथरुणे फटींत कोंबून वर फळ्या ठोकल्या. न्यूटन पहाटे तीनपासून दुपारपर्यंत पाणी उपसण्याच्या पंपावर होता. लाटांनी ओढून नेऊ नये म्हणून त्याने व सोबत्यांनी आपणांस दोरांनी बांधून घेतले होते.

सकाळी कधीतरी कप्तानाशी बोलताना, एवढ्याने जर निभावले नाही तर प्रभूच आम्हांवर दया करो, अशा अर्थाचे काही शब्द त्याच्या तोंडून सहज निघाले. कित्येक वर्षांत देवाच्या दयेचे नाव त्याने गांभीर्याने घेतले नव्हते. शब्द निघाले मात्र, आणि ते त्याच्याच काळजात घुसले. माझ्यासारख्यावर दया कोणती होणार, असा प्रश्न त्यास पडला. तासभर पडून उठल्यावर, पंप चालविण्याची शक्ती उरली नाही म्हणून, त्यास सुकाणूवर उभे केले. दुपारी एकपासून मध्यरात्रीपर्यंत तो तेथे उभा होता. आईने पाठ करून घेतलेली वचने, आपण केलेली थट्टा, आपण बिघडविलेली माणसे, हे सर्व एकामागून एक त्याच्यापुढे आले. सोळा वर्षांपूर्वी मेलेल्या त्या क्षयी बाईचे पेरलेले बी त्या रात्री ओल्या डेकवर उगवले, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

पुढे चार आठवडे ते फुटके जहाज भरकटत राहिले. जहाजावरची डुकरे, मेंढ्या व कोंबड्या वाहून गेल्या होत्या. खावयास खारवलेली मासळी तेवढी उरली. कप्तान न्यूटनला योना म्हणून हिणवी व ह्याच्या पापामुळेच आम्ही मरतो आहो असे म्हणे. शेवटी एप्रिलच्या ८ तारखेस आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले, तेव्हा शेवटचे अन्न भांड्यात शिजत होते. आणि नांगर टाकून दोन तास झाले नाहीत तोच असा वारा सुटला की, समुद्रावर असते तर जहाज खास बुडाले असते. प्रार्थना ऐकणारा देव आहे, अशी न्यूटनची खात्री झाली. शिव्या सुटल्या. तो उपासनेस गेला व प्रभुभोजनास बसला. मरेपर्यंत तो त्या दिवसाचे स्मरण दरवर्षी प्रार्थनेने पाळीत असे.

आमच्यापैकी पुष्कळ जण हे चरित्र येथेच संपवितात. वादळ झाले, पापी वाचला, गीत रचले, आमेन. परंतु आमचे खरे काम येथून पुढे आहे.

त्याच वर्षी न्यूटन गुलामांच्या एका जहाजावर दुय्यम अधिकारी होऊन पुन्हा आफ्रिकेस गेला. किनारा दिसताच जुनी संगत व जुन्या वासना परत आल्या. शिव्यांखेरीज बाकीचे बहुतेक पाप फिरून अंगी लागले, असे त्याने पुढे कबूल केले. मग त्याच प्लँटेन बेटावर तो तापाने पडला. जेथे पूर्वी गुलामांनी त्यास अन्न दिले होते ते हे ठिकाण. तो अशक्त अवस्थेत उठून बेटाच्या एका निर्जन कोपऱ्यात सरपटत गेला. ह्या वेळी त्याने कसलेही व्रत केले नाही किंवा देवाशी करारही बांधला नाही. वधस्तंभावरील प्रभूच्या पायांशी त्याने आपणांस टाकून दिले. त्या घटकेपासून पापाची सत्ता आपणांवरून उठली, असे तो सांगत असे. पुढे तो अनेकदा अडखळला, तरी पापास पुन्हा धनी केले नाही.

ही त्याची साक्ष खरी होती, असे आम्ही मानतो. आता पुढचे ऐका.

१७५० साली त्याने मेरी कॅटलेट ह्या आपल्या तरुणपणापासून मनात धरलेल्या मुलीशी लग्न केले, आणि त्याच वर्षी तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. १७५४ सालापर्यंत त्याने कप्तान म्हणून अशा तीन सफरी केल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घ्यावयाची, त्यांस दोघादोघांस जोडून बेड्या घालावयाच्या, कोठीत पोती रचावी तसे फळ्यांवर एकावर एक थरांनी निजवावयाचे, आणि समुद्रापार वेस्ट इंडिज बेटांत मळेवाल्यांस विकावयाचे. वाटेत कोणी मेला तर रोजनिशीत त्याचे नाव नव्हे, नंबर लिहावयाचा व प्रेत समुद्रात टाकावयाचे. १७५२ साली गुलाम बंड करणार असा संशय आला, तेव्हा त्याने काही मुलांस बेड्या घातल्या व त्यांचे अंगठे पेचात आवळविले. हे त्याच्याच हस्ताक्षरात आहे.

आणि ह्याच कप्तानाच्या जहाजावर दर रविवारी दोन वेळा उपासना होत असे, व ती तो स्वतः चालवी. तो आपल्या पत्नीस प्रेमाची व भक्तीची पत्रे लिही. खाली तळघरात माणसे कण्हत असता वर खोलीत तो शास्त्र वाची, आणि त्यास त्यात खरेच समाधान मिळे. एका सफरीत एकही मनुष्य दगावला नाही, म्हणून त्याने लिव्हरपूलच्या देवळांत देवाचे उपकार मानिले. प्लँटेन बेटावर नोकर असताना त्याने तेथे लिंबाची रोपे लाविली होती. कप्तान होऊन तो परत गेला तेव्हा ती वाढलेली झाडे त्याने पाहिली व त्यात देवाची कृपा ओळखिली. त्याच बेटावर ज्या बेड्या घातलेल्या हातांनी त्यास खाऊ घातले होते, त्यांची आठवण त्यास त्या वेळी झाली की नाही? झाली असती तर त्याने दुसरी सफर केली नसती, असे आम्हांस वाटते.

हा मनुष्य ढोंगी होता काय? तसे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. ह्या धंद्याविषयी आपल्या मनास तेव्हा किंचितही टोचणी लागली नव्हती, असे त्याने पुढे लिहिले. व्यापार राजमान्य होता. सभ्य गृहस्थ त्यात पैसा घालीत. आणि त्याच्या मंडळीतल्या कोणी त्यास एका शब्दाने हटकले नाही. तो जो तुरुंगाच्या जमादारासारखा बेड्या व कड्या ह्यांत राही, त्याचा त्यास वीट येई, व ह्याहून सौम्य धंदा मिळावा अशी प्रार्थना तो करी. परंतु धंदा अप्रिय वाटणे आणि त्यास पाप म्हणणे ह्यांत मोठे अंतर आहे. काळच तसा होता, असे म्हणून काही लेखक पांघरूण घालतात, ते आम्हांस पसंत नाही. त्याच १७५४ साली अमेरिकेत जॉन वुलमन ह्या साध्या क्वेकर गृहस्थाने गुलाम बाळगण्याविरुद्ध पुस्तक छापविले होते. काळ दोघांचा एकच होता.

आम्ही दुसऱ्या देशातल्या दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कप्तानावर दगड उचलण्यापूर्वी आपल्या आळीकडे पाहू या. आमच्यात एखाद्याने दारू, जुगार व देवऋषी सोडला म्हणजे आम्ही त्याचे नाव सभासदांच्या पटावर घालतो, आणि ते योग्यच आहे. पण तोच बंधू शेजाऱ्याचा बांध कोरतो, सुनेस गुरासारखी राबवितो, दुसऱ्या जातीतून आलेल्या भावाबरोबर प्रभुभोजनाच्या प्याल्यास ओठ लावताना कचरतो, व ह्यांपैकी कशाचीही त्यास टोचणी नसते. कारण ते पाप आहे असे त्यास कोणी सांगितलेले नसते. उपदेशकांनो, आपणही सांगितलेले नसते.

न्यूटनने तो धंदा टाकिला तो पश्चात्तापाने नव्हे. १७५४ सालच्या नोव्हेंबरात चौथ्या सफरीची तयारी असता, पत्नीजवळ चहा पीत बसलेला असताना त्यास अकस्मात झटका आला व तो बेशुद्ध पडला. तो तासाभरात शुद्धीवर आला, पण वैद्यांनी समुद्रावर जाण्यास मनाई केली. पुढल्या वर्षी त्यास लिव्हरपूल बंदरात जकातखात्यात अधिकाराची जागा मिळाली. तेथे फावल्या वेळात तो ग्रीक व इब्री भाषा शिकला, घरी प्रार्थनेसाठी माणसे जमवू लागला, आणि धर्मसेवेत घेण्याविषयी बिशपांकडे अर्ज करू लागला. कित्येक वर्षे त्यास नकारच मिळाले. अखेरीस १७६४ साली दीक्षा मिळून तो ओल्नी गावचा पाळक झाला. येथून पुढे आम्ही त्यांस आदरार्थी लिहितो.

ओल्नी हे ऊझ नदीकाठचे गरीब लोकांचे गाव. घराघरांत, ओल भरलेल्या अंधाऱ्या खोल्यांत, बायका व मुले लेस विणून पोट भरीत. न्यूटनसाहेब जुना खलाशाचा निळा कोट घालून त्यांच्या झोपड्यांत जात, मुलांस जमवून गोष्टी सांगत, व आठवड्याच्या सभेसाठी सोपी गीते रचीत. त्यांचे स्नेही कवी विल्यम कूपर ह्यांनीही त्यांत भर घातली, आणि १७७९ साली दोघांच्या मिळून ३४८ गीतांचे पुस्तक निघाले. आरंभी सांगितलेले कृपेचे गीत १७७३ सालच्या नवीन वर्षाच्या दिवशीच्या उपदेशासाठी केलेले. त्या दिवशीचा भाग पहिल्या इतिहासाच्या सतराव्या अध्यायातील दाविदाच्या प्रार्थनेचा होता. त्यास हल्ली लावतात ती चाल पुष्कळ मागाहून, १८३५ साली, अमेरिकेत जोडली गेली. त्याच जानेवारीत बिचाऱ्या कूपरचे मन पुन्हा बिघडले. देवाने आपणांस कायमचे टाकिले असे त्यांस वाटू लागले. न्यूटनसाहेबांनी व त्यांच्या पत्नीने त्यांस आपल्या घरी वर्षाहून अधिक काळ सांभाळिले. कूपरांस ह्या जन्मी ते समाधान पुरतेपणी परत मिळाले नाही. त्यांच्या मित्राने ह्यावरून त्यांच्या तारणाविषयी कधी शंका घेतली नाही, हे मात्र आमच्या कठोर उपदेशकांनी ध्यानात ठेवावे.

१७८० साली न्यूटनसाहेब लंडनमधील सेंट मेरी वुलनॉथ ह्या देवळाचे पाळक झाले. मधल्या काळात, १७७४ साली, जॉन वेस्ली ह्यांनी गुलामगिरीवर कडक पुस्तक लिहिले होते. ज्यास आतली सर्व माहिती होती तो ओल्नीचा पाळक तेव्हा गप्प राहिला. १७८५ सालच्या डिसेंबरात पार्लमेंटचे तरुण सभासद विल्यम विल्बरफोर्स त्यांच्याकडे गुप्तपणे आले. त्यांच्या चुलत्या-चुलतीमुळे त्यांनी लहानपणी न्यूटनसाहेबांचा उपदेश ऐकला होता. ते आता प्रभूकडे वळले होते, आणि राजकारण सोडून द्यावे की काय अशा विवंचनेत होते. न्यूटनसाहेबांनी त्यांस, आहात तेथेच राहून देवाची सेवा करा, असा सल्ला दिला. दोन वर्षांत विल्बरफोर्सनी गुलामांचा व्यापार बंद करण्याचे काम हाती घेतले.

आणि मग १७८८ साली, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी, बासष्ट वर्षांच्या ह्या पाळकाने लेखणी उचलली. त्यांनी आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविषयी लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दुसऱ्या कोणावर बोट रोखण्यापूर्वी आपलेच नाव पुढे ठेविले. ज्या कामाच्या आठवणीने आता आपले काळीज थरकापते, त्यात आपण स्वतः हाताने सहभागी होतो, ही कबुली आपण फार उशिरा देत आहो, आणि ती आपल्या लाजेची गोष्ट आहे, असे त्यांनी उघड मान्य केले. मग माणसे कशी घेतात, कशी कोंबतात, स्त्रियांची कशी विटंबना होते, पेच व चाबूक कसे चालतात, आणि ह्या धंद्याने खलाशांची मने कशी दगड होतात, हे सर्व त्यांनी लिहिले. पुस्तकाची प्रत पार्लमेंटच्या प्रत्येक सभासदास पाठविण्यात आली. पुढे चौकशी झाली तेव्हा त्यांनी साक्षही दिली. विकणारे व विकत घेणारे ह्यांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होते. पण ज्याने स्वतः बेड्या ठोकल्या तोच उभा राहून सांगू लागला, तेव्हा त्यास खोटे पाडणे कठीण झाले.

आता ती शंका घेऊन येणाऱ्या बंधूस आम्ही एवढेच विचारतो. १७४८ साली ज्या प्रभूने न्यूटनला मोकळे केले, तो १७८८ साली त्यांच्यापुढे ते पाप आणून ठेवीत होता, तेव्हा तो दिलेली मुक्तता परत घेत होता काय? आमच्या समजुतीप्रमाणे नाही. दास आपल्या धन्याचा हिशेब तपासण्यास धजत नाही. तो मोकळा झाला म्हणजेच वही उघडतो. चाळीस वर्षे लागली, हे न्यूटनसाहेबांचे भूषण नव्हे, व त्या चाळीस वर्षांत जी माणसे समुद्रापार गेली त्यांस ह्या कबुलीचा काही उपयोग झाला नाही. हे दुःख त्यांनी स्वतः झाकले नाही, म्हणून आम्हीही झाकत नाही.

आमच्या भाषेशीही त्यांचा दुरून संबंध पोहोचतो. १७९३ साली विल्यम केरी हिंदुस्थानास निघण्यापूर्वी लंडनमध्ये न्यूटनसाहेबांस भेटले व त्यांच्याकडून धीर घेऊन गेले. त्याच केरीसाहेबांनी १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे मराठी भाषेचे व्याकरण छापविले, व मराठी मत्तयाचे शुभवर्तमानही त्याच साली तेथे छापले गेले.

पत्नी १७९० साली वारली. वृद्धपणी न्यूटनसाहेबांची दृष्टी व स्मरणशक्ती गेली, तरी लोक धरून नेत तोपर्यंत ते व्यासपीठावर जात राहिले. १८०७ सालच्या मार्च महिन्याच्या २५ तारखेस इंग्लंडात गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्यास राजाची संमती मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरच्या २१ तारखेस न्यूटनसाहेब मरण पावले. गुलामगिरीच नाहीशी करणारा कायदा व्हावयास १८३३ साल उजाडावे लागले.

आपल्या स्मारकशिळेवर काय लिहावे हे ते आधीच लिहून ठेवून गेले होते. त्यात कप्तानपणाचा उल्लेख नाही. आपण एके काळी नास्तिक व दुराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचे नोकर होतो, आणि प्रभू येशूच्या दयेने राखले जाऊन ज्या श्रद्धेचा नाश करू पाहत होतो तिचेच उपदेशक झालो, अशा अर्थाचा मजकूर तेथे आहे. १८९३ साली त्यांच्या व पत्नीच्या अस्थी लंडनहून ओल्नीस नेऊन देवळाच्या आवारात पुरल्या. प्लँटेन बेटावर ज्यांनी रात्री लपून त्यांस आपल्या वाट्याचे अन्न दिले, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.